भांडताना मी इंग्रजीत का जाते?

वाचकाचं पत्र : मी ३६ वर्षांची आहे, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करते. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी खऱ्या अर्थाने कॉलेजात आणि मग नोकरीत अंगवळणी पडलं. नवरा मिरजेकडच्या एका गावातला, तोही मराठी माध्यमाचा, इंजिनिअर. घरात आम्ही मराठीच बोलतो. पण भांडण सुरू झालं की दोन-तीन वाक्यांत मी इंग्रजीवर येते आणि ते माझ्या लक्षात नंतर येतं. तो म्हणतो, "आली मडम!" परवा त्याने मला न विचारता धाकट्या भावाच्या दुकानासाठी पैसे पाठवले, त्यावरून वाजलं. मी म्हणाले, "धिस इज नॉट अबाउट मनी. यू डोन्ट रिस्पेक्ट मी." तो म्हणाला, "हेच मराठीत बोलून दाखव." मला खरंच बोलता येईना, नुसतं रडू आलं. सासूबाई हॉलमध्ये असतात आणि त्यांना इंग्रजी कळत नाही, हेही एक कारण असेल. मुलगी सहा वर्षांची आहे. मी इंग्रजीत सुरू झाले की ती रंगपेटी उचलून आतल्या खोलीत जाते. दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले तेव्हासुद्धा मी नवऱ्याला फोनवर इंग्रजीतच सांगितलं होतं, मराठीत ते वाक्य तोंडातून निघेना. तो म्हणतो मी बनावट वागते. त्याचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष इंग्रजीपायी फार वाईट गेलं होतं, पण त्यावर तो कधी बोलत नाही. मी खोटी आहे का? भांडताना इंग्रजी बंद करू का?

प्रिय मैत्रिणी,

खोटेपणाचा प्रश्न आधी निकालात काढते. वडील गेल्याचं वाक्य ज्या लेकीच्या तोंडून मराठीत निघत नाही, तिला बनावट म्हणणं हा अन्याय आहे. मराठीत ते उच्चारलं असतंत तर तिथेच तुमचा बांध फुटला असता, आणि त्या घडीला तुम्हाला नवऱ्याला कळवून पुढची धावपळ करायची होती. इंग्रजीने तेवढा वेळ तुम्हाला उभं ठेवलं. भांडणातही ती बहुतेक हेच काम करते आहे.

असं का होतं, यावर चांगला अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन विद्यापीठातल्या कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी मागाहून शिकलेल्या तुर्की लोकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून त्यांना तुर्की आणि इंग्रजी शब्द दाखवले, ऐकवले. मन हललं की बोटांना अगदी सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज जरा सहज वाहते. यंत्र ते टिपतं. त्या शब्दांत साधे शब्द होते, शिव्या होत्या, आणि लहान मुलांना दटावण्याची वाक्यंही होती, आपल्याकडच्या "लाज नाही वाटत?" सारखी. इंग्रजीतलं दटावणं लोकांनी ऐकून सोडून दिलं. तुर्कीतलं दटावणं ऐकताना मात्र, चांगली मोठी माणसं असूनही, त्यांची बोटं घामेजली. नंतर बोलताना काहींनी सांगितलं की ते वाक्य कानावर पडलं तेव्हा घरातल्याच कुणाचा तरी आवाज मनात ऐकू आला.

यात तुम्ही स्वतःला पाहा. तुमच्या मराठीत तुमच्या आईचा आवाज आहे, वडिलांचा आहे, मार खाल्लेला आहे, लाड झालेले आहेत. इंग्रजीत यातलं काही नाही. तिथे बहुधा प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि सोमवारची मीटिंग आहे. रागाने थरथरणारी बाई स्वतःला सावरायला कुठे जाईल? जिथे कुणी आपल्याला कधी दटावलेलं नाही, तिथेच.

हॅरिस यांनीच पुढे अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांवर हा प्रयोग केला. ज्यांनी इंग्रजी लहानपणीच आत्मसात केली होती, त्यांच्यात दोन भाषांमधला असा फरक आढळला नाही. म्हणजे गुण इंग्रजीचा किंवा मराठीचा नाही. कुठली भाषा कोणत्या वयात आणि कुणाच्या सहवासात अंगात मुरली, त्याचा आहे. तुमच्या मुलीचा विषय खाली येईल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या.

मनोविकारशास्त्राच्या इतिहासात तुमच्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. १८८० साली व्हिएन्नात बर्था पापेनहाइम ही एकवीस वर्षांची मुलगी आजारी वडिलांची रात्रंदिवस शुश्रूषा करत होती. त्यातच ती स्वतः आजारी पडली, आणि त्या आजारात तिची मातृभाषा जर्मन तोंडून जाऊन ती इंग्रजी बोलू लागली. भोवतालच्यांना आपलं बोलणं समजत नाही, हेही सुरुवातीला तिच्या गावी नव्हतं. योझेफ ब्रॉयर या डॉक्टरांनी तिच्यावर उपचार केले आणि १८९५ साली फ्रॉइड यांच्याबरोबर तिची हकिकत टोपणनावाने छापली. बोलून बरं होण्याच्या ज्या उपचारावर आज आमच्यासारख्यांचं सगळं काम चालतं, त्याला पहिलं नाव तिनेच दिलं, तेही इंग्रजीतून. पुढे हीच बर्था जर्मनीतली मोठी समाजसेविका झाली, १९०४ साली तिने ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. तिचा आजार आणि तुमचं भांडण यांची बरोबरी मी करत नाही. पण ताण असह्य झाला की माणूस मातृभाषेतून बाहेर पडून दुसरीत आसरा घेतो, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच नोंदलं गेलं आहे.

परभाषेत माणूस थंड डोक्याने विचार करतो, यालाही आधार आहे. बार्सिलोनाच्या आल्बर्ट कोस्टा यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनी २०१४ साली निरनिराळ्या देशांतल्या लोकांना एक जुनं कोडं घातलं. भरधाव गाडी रुळावरच्या पाच माणसांना चिरडणार आहे. पुलावर तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका धिप्पाड माणसाला खाली ढकललं तर तो मरेल, पण पाच जण वाचतील. ढकलाल? मातृभाषेत प्रश्न वाचणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के 'हो' म्हणाले. परक्या भाषेत वाचणाऱ्यांपैकी ३३ टक्के. भाषा परकी असली की प्रश्न काळजाला तितका भिडत नाही आणि हिशेब सोपा होतो. पाचांना वाचवण्याचा निर्णय बरोबर की चूक, हा वाद राहू द्या. ढकलला जाणारा माणूस मात्र दोन्ही भाषांत तितकाच मरतो, आणि तुमच्या घरात त्या जागी कोण उभं आहे याचा विचार आता करायला हवा.

हे सगळे प्रयोग दोन भाषांत वावरणाऱ्याच्या स्वतःच्या मनात काय होतं, एवढंच सांगतात. समोर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या बोटांना कुणी इलेक्ट्रोड लावलेले नाहीत. तुम्ही तुमच्या रागापासून दोन पावलं मागे सरकता, पण त्याला दिसतं की बायको आपल्यापासून दोन पावलं मागे सरकली. बोलण्याच्या लकबीतून माणसं एकमेकांच्या जवळ किंवा लांब कशी जातात, याचा अभ्यास हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकापासून केला. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात ब्रिटनमधल्या वेल्स प्रदेशाची वेल्श भाषा मनापासून शिकणाऱ्या लोकांना एका प्रश्नकर्त्याने उच्चभ्रू इंग्रजी हेल काढून विचारलं की ही मरू घातलेली भाषा शिकून उपयोग काय. त्या लोकांचे वेल्श हेल तिथल्या तिथे गडद झाले, काहींनी तर उत्तरात वेल्श शब्द पेरले. तोवर ते त्याच्याशी नीट, त्याच्या वळणाने बोलत होते. दुखावलेला माणूस भाषेने लांब जातो, आणि हे ऐकणाऱ्यालाही समजतं.

तुमचा नवरा ज्या मुलखात वाढला तिथे तर ही गोष्ट माणसं नकळत शिकतात. सांगली जिल्ह्यातलं, तेव्हा गाव असलेलं कुपवाड भाषाशास्त्राच्या जगात प्रसिद्ध आहे, कारण जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली त्यावर लिहिलं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, आणि एका समाजाचा दुसऱ्याशी व्यवहार बहुतेक मराठीत चालायचा. एकच माणूस दिवसभरात कितीदा तरी भाषा बदलायचा. शतकानुशतकांच्या शेजाराने या भाषांचं व्याकरण एकमेकींच्या इतकं जवळ आलं होतं की वाक्याची घडण तीच आणि शब्द तेवढे वेगळे. तरी घरची भाषा कुणी सोडली नव्हती. उंबऱ्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, ते भाषेवरून ठरत होतं. अशा भागात वाढलेल्या माणसाशी त्याच्याच स्वयंपाकघरात बाहेरची भाषा बोलली की त्याला आपण परके झाल्यासारखं वाटलं, तर मला त्यात नवल वाटत नाही.

त्यातून ती बाहेरची भाषा इंग्रजी. कोस्टा यांच्या प्रयोगात इंग्रजी आणि स्पॅनिश शेजारीशेजारी बसतात. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रात मराठी आणि इंग्रजी यांच्यामध्ये एक जिना आहे आणि मराठी शाळेतून इंजिनिअरिंगला गेलेली मुलं त्या जिन्यावर ठेचकाळत वर चढलेली असतात. बारावीपर्यंत वर्गात पहिला येणारा मुलगा पहिल्या सत्रात सर काय म्हणाले ते शेजाऱ्याला विचारतो, प्रश्न येत असूनही हात वर करत नाही, व्हायव्हाला उत्तर ठाऊक असून गप्प राहतो. तुमच्या नवऱ्याचं नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, कारण त्याने सांगितलेलं नाही. पण भांडणात तुम्ही इंग्रजीवर गेलात की त्या वर्षातला तो मुलगा पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसत असणार. "आली मडम" हे त्या बाकावरून मारलेलं आहे. ते टोचतं, ते त्याने बंद करायला हवं, पण ते कुठून येतं ते तुम्ही ओळखा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. "हेच मराठीत बोलून दाखव" म्हटल्यावर तुम्हाला बोलता आलं नाही. का? शब्द नव्हते असं नाही. लहानपणी घरात तुम्ही मराठीतून भांडणारी बाई कशी पाहिली, हे आठवून बघा. आमच्याकडे येणाऱ्या बायकांकडून मी जे ऐकत आले ते असं की बाई एक तर गप्प बसायची, पदराला डोळे पुसायची, भांडी आदळायची, किंवा मग सहन होईना झालं की सगळ्यांचे उद्धार करायची. लेकी बोले सुने लागे, हा तिसरा मार्ग. नवऱ्यासमोर ताठ बसून, आवाज न चढवता, "मला हे पटलेलं नाही आणि याचं कारण असं आहे" असं म्हणणारी बाई बहुतेकींनी घरात पाहिलेलीच नाही. तुम्ही ती पहिल्यांदा ऑफिसात पाहिली, इंग्रजीत बोलताना, आणि तिच्याकडून शिकलात. म्हणून मानाने भांडायचं म्हटलं की तुम्हाला इंग्रजी आठवते. मराठीतून भांडायचं म्हटलं की आई आठवते, आणि रडू येतं.

यात मराठीचा दोष नाही, तुमचाही नाही. पण ती वाक्यं आता तुम्हाला मराठीत घडवावी लागतील, आणि ती भांडणाच्या मध्यावर सुचत नाहीत. एकट्या असताना, स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना मोठ्याने म्हणून बघा. "यू डोन्ट रिस्पेक्ट मी" याच्या जागी "तू मला मान देत नाहीस" असं बसवू नका, ते जिभेवर चढणार नाही. घडलेली गोष्ट धरा. "पैसे पाठवताना तुला एकदाही मला विचारावंसं वाटलं नाही, हे मला लागलं." म्हणून बघा. अवघड आहे, कारण इंग्रजी वाक्यात तो आरोपी होता आणि इथे तुमची जखम उघडी पडते. पण याला "आली मडम" असं उत्तर देणं त्यालाही जड जाईल. तसंच "आय नीड स्पेस" म्हणत दार लावून घेण्याऐवजी: "मला आत्ता बोलवत नाही. जेवणं झाल्यावर बोलू." आणि तो मध्येच तोडत असेल तर: "थांब. माझं पुरतं ऐकून घे, मग बोल." एवढी तीन-चार वाक्यं तोंडात बसली की बाकीची आपोआप येतील.

इंग्रजी बंद करू नका. रागाच्या भरात मराठीतून असं काही बोलून जाल की ते वर्षानुवर्षं निस्तरत बसाल. त्यापेक्षा इंग्रजी पुष्कळ बरी. माझं मागणं फक्त पहिल्या आणि शेवटच्या वाक्यापुरतं आहे. भांडणाची सुरुवात मराठीत व्हावी. जॉन गॉटमन आणि सिबिल कारेर यांनी १९९९ साली दाखवलं की नवविवाहित जोडप्याच्या वादाची पहिली तीन मिनिटं पाहूनही पुढे घटस्फोट होईल का, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. सुरुवात जितकी बोचरी, तितकं पुढचं सगळं बिघडतं. मधे तोल जाऊन इंग्रजीवर घसरलात तर घसरलात, तेवढं त्याला आधीच सांगून ठेवा: "मी इंग्रजीत गेले की समज, मला सहन होत नाहीये." आणि मिटवायचं मराठीतच. त्या तुर्की लोकांचं दटावणं जसं आतपर्यंत पोचलं, तशी घरच्या भाषेतली समजूतही पोचते.

सासूबाईंपासून लपवण्याचा उद्देश फारसा साधत नसावा. त्यांना शब्द कळत नसतील, भांडण कळतं. आणि शब्द न कळल्यामुळे मध्ये आपलाच विषय असेल असं वाटून त्या बिचाऱ्या हॉलमध्ये अंग चोरून बसत असतील. त्यांच्या कानावर जायला नको असेल तर दोघं खाली फेरी मारून या.

मुलीची मात्र मला काळजी वाटते. ती रंगपेटी उचलून जाते, म्हणजे तिने आईच्या भाषेवरून हवामान ओळखायला शिकून घेतलं आहे. ती इंग्रजी लहानपणीच शिकते आहे, तुमच्यासारखी मोठेपणी नाही. तुम्हाला इंग्रजीत जी सुरक्षित, कोरडी जागा सापडली, ती तिला तिथे सापडणार नाही. उलट त्या भाषेला आईबाबांच्या भांडणाचा वास कायमचा लागेल. तेव्हा तिच्याशी इंग्रजीत खेळा, गोष्टी वाचा, हसा. शिवाय अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातल्या मार्क कमिंग्ज यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून दिसतं की आईवडिलांचं भांडण मिटताना मुलांनी पाहिलं तर त्यांचा ताण बराच उतरतो. तुम्ही भांडता तिच्यासमोर आणि मिटवता बंद दाराआड, असं होत असेल तर ते उलट करा. तिच्यासमोर एकमेकांना चहा द्या, "आपलं मिटलं बरं का" असं तिला सांगा.

एक विचारायलाच हवं. नवऱ्याच्या हाताची, आरड्याओरड्याची भीती वाटते म्हणून तर तुम्ही इंग्रजीच्या आड जात नाही ना? पत्रात तसं काही दिसत नाही. पण तसं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला.

हे पत्र नवऱ्याला वाचायला द्या, आणि पुढच्या चार ओळी त्यांच्यासाठी आहेत. दादा, ती इंग्रजीत बोलते तेव्हा तुम्हाला खाली दाखवत नसते, स्वतःला सावरत असते. "मराठीत बोलून दाखव" हे आव्हान म्हणून दिलंत तर तिला फक्त रडू येईल. "मराठीत सांग ना, मला नीट कळू दे" असं म्हणून पाहा. आणि ते कॉलेजचं पहिलं वर्ष तिला एकदा सविस्तर सांगा. तीही मराठी शाळेतूनच आली आहे, तिला तुम्ही समजता त्याहून जास्त कळेल.

राहता राहिला दुकानाचा विषय. तो अजून लोंबकळतोच आहे असं पत्रावरून वाटतं, आणि भाषेचं काही केलं तरी पैसे गेले ते गेलेच आहेत. येत्या रविवारी मुलगी आजीबरोबर बागेत गेली की दोघं कागद घेऊन बसा. भावाला किती दिले, ते परत यायचे आहेत की मदत म्हणून दिले, घराचा हप्ता आणि शाळेची फी वजा जाता दरमहा हाती काय उरतं, आणि किती रकमेच्या पुढे एकमेकांना विचारल्याशिवाय कुणीच पैसे पाठवायचे नाहीत, ते आकड्यांनी लिहून काढा. हा नियम तुमच्या माहेरी जाणाऱ्या पैशांनाही लागू राहील, हे तुम्हीच आधी म्हणा.